गळ्यातली ग्रंथी आणि ‘नैसर्गिक’ गोळी

कामशेतच्या बाजारात भर दुपारी एखादी बाई अंगाभोवती शाल लपेटून बसलेली दिसली, तर आपण म्हणतो, हिला ताप भरला असेल. पण दर वेळी ताप असतोच असं नाही. लावणीला वाकलं की अंग जड होतं, आवाज घोगरा होतो, केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळीला फार रक्त जातं. आणि घरचे म्हणतात, सूनबाई आळशी! बायांनो, असा शेरा मारण्याआधी तिचं रक्त एकदा तपासून घ्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. चुलीतली लाकडं मागे ओढली की जाळ जसा बसतो, तसं ही ग्रंथी मंदावली की सारं शरीर मंदावतं.

यावर डॉक्टर रोज एक छोटी गोळी देतात, बहुधा जन्मभर. ‘जन्मभर’ ऐकलं की घरात चलबिचल होते. मग परदेशी असलेला कुणी नातेवाईक सांगतो, तिकडे ‘नैसर्गिक’ थायरॉइड मिळतं, ही कारखान्यातली गोळी सोडा. ते झाडपाल्याचं औषध असेल असं तुम्हांला वाटेल. तसं ते नाही. कत्तलखान्यात कापलेल्या डुकरांच्या ग्रंथी वाळवून, दळून केलेली ती भुकटी आहे. आपली इंद्रायणी इथून पुढे देहू-आळंदीला जाते; मावळात कितीतरी घरांत गळ्यात तुळशीची माळ आहे. माळकऱ्याला, किंवा मुसलमान शेजाऱ्याला, हे न सांगता ती गोळी देणं बरं नव्हे.

पण त्या भुकटीला नावंही ठेवू नका. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका आजारी बाईला टोचला. तोवर या दुखण्याला धड औषध नव्हतं. ती बाई पुढे २८ वर्षं जगली, आणि तिच्या औषधाला ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! किती कळप झाले, याचा हिशेब धनगरालाच विचारा. पुढे अर्काच्या जागी वाळवलेल्या भुकटीच्या गोळ्या आल्या. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतलं मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळं काढलं. तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती आलं ते जेमतेम ३३ ग्रॅम. १९२७ साली ब्रिटनमध्ये तेच द्रव्य प्रयोगशाळेत बनवता आलं. आज डॉक्टर देतात त्या गोळीत हेच असतं. आपली ग्रंथी जे करते, तेच. म्हणून ती कारखान्यातली असली, तरी शरीराला परकी नाही.

भुकटीची अडचण प्रमाणाची आहे. ग्रंथीतून दोन द्रव्यं निघतात, सौम्य टी-४ आणि जहाल टी-३. माणसाच्या ग्रंथीत टी-४ हे टी-३ च्या सुमारे चौदापट असतं, डुकराच्या ग्रंथीत चौपट. म्हणजे जहाल भाग जास्त. छाती धडधडते, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला ते झेपत नाही. शिवाय २०२० साली अमेरिकेत अशा गोळ्यांचे काही साठे जोर जास्त भरल्यामुळे, आणि २०२१ साली काही साठे जोर कमी भरल्यामुळे परत मागवावे लागले. खरं सांगायचं तर काहींना ती गोळी आवडते. २०१३ साली तिकडेच ७० रुग्णांना दोन्ही गोळ्या आलटून पालटून देऊन पाहिल्या. जवळजवळ निम्म्यांनी भुकटीची पसंत केली, पण लक्षणांत एकंदर फरक दिसला नाही.

मात्र पोटुशी बाईच्या बाबतीत हा आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसं काम करत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर चालते, आणि भुकटीत तेच कमी. म्हणून दिवस गेलेत असं वाटताच गोळी बंद करू नका, बदलूही नका. लगेच डॉक्टरांना सांगा. बहुधा मात्रा वाढवावी लागते, आणि ती किती हे रक्ताच्या टीएसएच तपासणीवरून ठरतं.

गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा निदान अर्ध्या तासाने. आशाताई देतात त्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या हिच्याबरोबर घेतल्या, तर ही अंगी लागत नाही. मध्ये चार तास जाऊ द्या. सकाळी ही घेतली, तर लोहाची दुपारच्या जेवणानंतर ठेवा.