मॉरिशसचें जिवंत कुंपण

हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर, मॉरिशस नांवाचें एक लहानसें बेट आहे. मुंबईहून विमानानें निघालेला प्रवासी सहासात तासांत तेथें पोहोंचतो. आणि विमान खालीं येत असतां खिडकींतून जें पहिलें दृश्य दिसतें, तेंच त्या बेटाचें खरें वर्णन होय. मध्यें उंसाच्या शेतांची हिरवळ, तिच्याभोंवतीं फिकट निळ्या पाण्याचा पट्टा, पट्ट्याच्या कडेला पांढऱ्या फेंसाची रेघ, आणि रेघेपलीकडे एकदम गडद निळा महासागर. नवविवाहित जोडपीं, तसेंच मुलेंबाळें मार्गाला लागल्यावर सवडीनें निघालेलीं वयस्क दांपत्यें ह्या बेटावर सुटी घालविण्यास जातात. त्यांच्या पांचसहा दिवसांच्या कार्यक्रमांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात: समुद्रांत तोंड बुडवून मासे व पोवळीं पाहणें, आणि मोटारींतून हिंडून बेटावरील स्थळें पाहणें. ह्या गोष्टी वरवर निरनिराळ्या वाटतात. वास्तविक ती पांढरी रेघच त्या दोहोंना जोडते. तिचा अर्थ ज्याला उमगला, त्याला समुद्रहि कळतो आणि बेटहि कळतें.

बेटाचा दगड काळा आहे. मॉरिशस ज्वालामुखीच्या लाव्ह्यानें घडलें, आणि त्या लाव्ह्याचें सह्याद्रीशीं दूरचें नातें आहे. भूगर्भांतील ज्या उष्ण स्थानामुळें सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर काळ्या पाषाणाचे थर पसरले, त्याच स्थानावरून पृथ्वीचें कवच सरकत गेलें. आणि पुष्कळ कालानंतर, सुमारें ८०-९० लाख वर्षांपूर्वीं, तेथेंच मॉरिशस समुद्रांतून वर आलें, असें भूशास्त्रज्ञ मानतात. मग काळ्या दगडाच्या बेटाला पांढरी वाळू कोठून मिळाली? ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर फेंसाच्या रेघेखालीं दडलेलें आहे.

तेथें पाण्याखालीं प्रवाळभित्ति, म्हणजे पोवळ्यांचा बांध आहे. पोवळें हा दगड नव्हे आणि वनस्पतीहि नव्हे. तो प्राणी आहे. मऊ देहाचा व तोंडाभोंवतीं बारीक शुंडा असलेला हा इवलासा जीव, ज्यास पॉलिप म्हणतात, समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपलें घर बांधतो. असे लक्षावधि जीव शेजारीं शेजारीं बांधकाम करीत राहतात. जुने मरतात, त्यांच्या घरांवर नवे घरें उभारतात, आणि बांध वर्षाला कांहीं मिलिमीटर अशा मंद गतीनें वाढतो. ह्या जीवांच्या शरीरांत एक सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहतें. सूर्यप्रकाशाच्या साह्यानें तें अन्न तयार करतें, आणि त्यांतील मोठा वांटा भाड्यादाखल घरधन्यास देतें. पोवळ्यांचे रंगहि बहुतांशीं ह्या भाडेकरूचेच असतात. जेथें प्रकाश पोहोंचेल इतकें उथळ, उबदार व निर्मळ पाणी असेल तेथेंच हा संसार चालतो. म्हणून बांध किनाऱ्यापासून फार लांब नसतो. महासागराची लाट त्यावर आपटून फुटते, तिचा फेंस म्हणजे ती पांढरी रेघ. बांधाच्या आंत राहतें तें उथळ, संथ पाणी. त्यास लगून म्हणतात. लाटांनीं व माशांनीं पोवळ्यांचें आणि शिंपल्यांचें जें चूर्ण केलें, तीच किनाऱ्यावरील पांढरी वाळू.

चार्ल्स डार्विन १८३६ सालीं 'बीगल' जहाजांतून मॉरिशसला उतरला होता. पोवळ्यांच्या बांधांविषयीं त्याचा ग्रंथ १८४२ सालीं प्रसिद्ध झाला. बेटाला चिकटून असलेला बांध, बेटापासून सुटा झालेला बांध, आणि बेट बुडाल्यावर मागें उरलेलें पोवळ्यांचें कडें, ह्या एकाच इतिहासाच्या तीन पायऱ्या होत, असें त्यानें प्रतिपादिलें. तो सिद्धांत आजहि मुख्यतः मान्य आहे.

हें जग पाहण्यास लागणारी सामग्री अगदीं थोडी आहे: डोळे व नाक झांकणारा कांचेचा मुखवटा, तोंडांत धरण्याची वांकडी नळी, आणि पायांत घालावयाचे रबरी पंख. नळीला स्नॉर्केल म्हणतात, आणि तिच्यावरूनच ह्या क्रीडेस स्नॉर्केलिंग हें नांव पडलें आहे. मुखवट्याचें काम डोळ्यांत खारें पाणी जाऊं न देणें एवढेंच, असा पुष्कळांचा समज असतो. खरें कारण निराळें आहे. हवेंतून डोळ्याच्या पारदर्शक पटलांत शिरतांना प्रकाश वांकतो, म्हणून आंतील पडद्यावर स्पष्ट चित्र उमटतें. पाणी आणि तें पटल ह्यांची प्रकाश वांकविण्याची शक्ति जवळजवळ सारखी असल्यामुळें पाण्यांत उघडलेल्या डोळ्यास सर्व अंधुक दिसतें. मुखवटा डोळ्यापुढें हवेचा एक कप्पा ठेवतो आणि गेलेली दृष्टि परत देतो. मात्र त्या कांचेंतून प्रत्येक वस्तु सुमारें तिसऱ्या हिश्शानें मोठी भासते. तेव्हां नवऱ्यानें किनाऱ्यावर येऊन सांगितलेल्या माशाच्या लांबींतून बायकोनें चौथा हिस्सा वजा करावा, हें शास्त्राला धरून होईल.

नळी हातभरहि लांब नसते, ह्यालाहि कारण आहे. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारें १०० ग्रॅम जादा दाब पडतो. संबंध छातीवर तो एवढा होतो कीं, फासळ्यांच्या स्नायूंना वरची हवा आंत ओढणें अशक्य व्हावें. शिवाय लांब नळींत उच्छ्वासाची दूषित हवाच पुन्हां पुन्हां घेतली जाते. म्हणून स्नॉर्केलवाल्यानें पाण्याच्या पृष्ठभागीं पालथें तरंगत राहावें आणि खालचें जग पाहावें, हाच ह्या क्रीडेचा धर्म आहे.

विमानतळापासून थोड्याच अंतरावर, माहेबूर गांवानजीक, ब्लू बे नांवाचा उपसागर आहे. तेथील पाण्यास १९९७ सालीं संरक्षण मिळालें, आणि २००८ सालीं रामसार करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत त्याची नोंद झाली. येथें हरणाच्या शिंगांसारखीं फांद्यांचीं पोवळीं आहेत, पसरट ताटासारखीं आहेत, आणि मेंदूसारखे वळसे असलेले प्रचंड गोलहि आहेत. त्यांच्यामधून पिवळे-काळे फुलपांखरी मासे जोडीजोडीनें हिंडतात. हिरव्यानिळ्या पोपटमाशाला खरोखरच चोंच असते. तिनें तो पोवळ्यावरील शेवाळ खरवडतो, आणि पाण्यांत कान दिले असतां त्याच्या खाण्याचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकूं येतो. पोटांत गेलेला चुना तो वाळू करून बाहेर टाकतो. शेवाळ असें खाल्लें गेलें नाहीं, तर तें पोवळ्यांना झांकून टाकील.

सौंदर्यांत धोकाहि आहे, आणि तो दिसत नाहीं. लाटा बांधावरून जें पाणी आंत टाकतात, तें परत जाणारच. बांधाला ठिकठिकाणीं खिंडारें असतात. त्यांस तेथील लोक फ्रेंच शब्दानें 'पास' म्हणतात. आंतलें पाणी ह्याच दारांनीं समुद्राकडे धांवतें, आणि ओहोटीच्या वेळीं त्याचा जोर वाढतो. नैर्ऋत्येकडील ल मोर्न पर्वताजवळ आकाशांतून पाहिलें असतां समुद्रांत धबधबा कोसळत असल्याचा भास होतो. तो धबधबा नव्हे. लगूनमधील वाळू व गाळ खोल पाण्यांत वाहून चालल्याचें तें चित्र आहे. विमानांतून जें मौजेचें वाटतें, तेंच पोहणाऱ्यास ओढून नेणारें असतें. म्हणून खिंडार कोठें आहे हें स्थानिक नावाड्यास विचारल्यावांचून पाण्यांत उतरूं नये.

दोघांनीं मिळून जाण्याचा खरा उपयोग येथें आहे. एकानें बुडी मारली तर दुसऱ्यानें वर राहून त्याच्यावर लक्ष ठेवावें. दोघांनीं एकाच वेळीं बुडी मारूं नये. बुडीपूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेण्याची कांहींजणांस हौस असते. त्यामुळें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वासाची गरज कळविणारी सूचनाच बंद पडते. मनुष्य गुदमरल्याची जाणीव न होतां बेशुद्ध होतो. अशा वेळीं शेजारचा एक जागरूक मनुष्यच त्यास वांचवूं शकतो. तळाशीं दगडासारखा पडून राहणारा विषारी दगडमासाहि ह्या पाण्यांत असतो. म्हणून पाण्यांत चालतांना पायांत जाड रबरी जोडे असावेत. पोवळ्यावर मात्र जोड्यानिशींहि पाय देऊं नये. ज्या फांदीला वाढण्यास कित्येक वर्षें लागलीं, ती एका टांचेखालीं मोडते.

जमिनीवरील स्थळांचा प्रारंभ पोर्ट लुई ह्या राजधानींतील आप्रवासी घाटापासून करावा. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारें पांच लाख करारबद्ध मजूर, मुख्यतः हिंदुस्थानांतून, उंसाच्या मळ्यांसाठीं ह्या बेटावर आणले गेले. त्यांच्या आगमनाच्या ह्या धक्क्यास युनेस्कोनें २००६ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या मजुरांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी भाषिकहि होते. त्यांचे वंशज आजहि मराठी म्हणून ओळखले जातात, शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. ल मोर्न पर्वताच्या दुर्गम कड्यांत मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रय घेत. त्याचीहि २००८ सालीं जागतिक वारशांत नोंद झाली.

परंतु समुद्र पाहून आलेल्या जोडप्यानें चुकवूं नये असें स्थळ माहेबूरसमोर आहे. इल ओ झेग्रेत हें अवघें २६ हेक्टरांचें बेट लाव्ह्याचें नसून पोवळ्यांच्याच चुनखडकाचें आहे. मॉरिशसच्या किनारी रानाचा अवशेष येथें जपला आहे, आणि त्यांत गुलाबी पारवा नांवाचा पक्षी निर्भयपणें हिंडतो. १९९० च्या सुमारास ह्या जातीचे जेमतेम दहाएक पक्षी रानांत उरले होते. पिंजऱ्यांत पैदास करून, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करून व रान पुन्हां वाढवून त्यांची संख्या कांहीं शेंकड्यांवर नेण्यांत आली.

ह्याच मॉरिशसमध्यें डोडो होता. १५९८ सालीं डच खलाशी बेटावर उतरले, आणि तें शतक पालटून दुसरें संपण्यापूर्वींच तो पक्षी जगांतून नाहींसा झाला. शिकार हें त्याचें एक कारण. परंतु जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनीं, डुकरांनीं व माकडांनीं त्याचीं अंडीं फस्त केलीं, हें कारण अधिक मोठें मानतात. डोडोचा नाश करावा असें कोणींहि ठरविलें नव्हतें. जो तो आपल्या कामांत होता.

पोवळ्यांचा बांध आज डोडो आणि पारवा ह्यांच्या मध्यें उभा आहे. २५ जुलै २०२० रोजीं 'वाकाशिओ' नांवाचें मालवाहू जहाज ब्लू बेच्या जवळच बांधावर रुतलें, आणि ऑगस्टमध्यें त्यांतून सुमारें १००० टन तेल समुद्रांत सांडलें. बेटावरील सामान्य लोकांनीं उंसाचें पाचट कापडांत भरून लांबच लांब लोड शिवले आणि ते पाण्यावर टाकून तेल अडविलें. ह्या तेलाहून मोठें संकट उष्णतेचें आहे. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल तपमानाहून समुद्र एखाद्या अंशानेंहि अधिक तापला आणि कांहीं आठवडे तसाच राहिला, तर पोवळें आपल्या भाडेकरू शैवालास बाहेर घालवितें व पांढरें पडतें. पाणी लवकर निवलें तर संसार पुन्हां मांडतां येतो. न निवलें तर पोवळें उपाशी मरतें. १९९८ सालीं हें संकट प्रथमच जगभर पसरलें. चौथें जागतिक संकट आल्याचें शास्त्रज्ञांनीं एप्रिल २०२४ मध्यें जाहीर केलें. पृथ्वीचें तपमान औद्योगिक युगापूर्वींच्या मानानें दीड अंश वाढल्यास उष्ण समुद्रांतील ७० ते ९० टक्के, आणि दोन अंश वाढल्यास ९९ टक्क्यांहून अधिक पोवळीं नष्ट होतील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञमंडळानें २०१८ सालीं वर्तविला आहे.

एका जोडप्याच्या हातीं समुद्र निवविणें नाहीं. परंतु तापलेल्या पोवळ्यास आणखी जखम न करणें त्यांच्या हातीं आहे. पोवळ्यांत नांगर टाकणाऱ्या नावेंत बसूं नये. कायमच्या तरंडाला बांधल्या जाणाऱ्या नावेंत बसावें. पाठीला मलमांचे थर देण्यापेक्षां लांब बाह्यांचा अंगरखा घालून पोहावें. उन्हाचा बंदोबस्त त्यानेंच चांगला होतो. माशांना पाव घालूं नये, कारण पोट भरलेला मासा शेवाळ खरवडीत नाहीं. शंख वा पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून पेटींत घालूं नये. त्याची खरी जागा बांधावर आहे. डोडो जात आहे हें त्याला पाहणाऱ्यांस कळलें नव्हतें. पोवळें पाहणाऱ्यास तें कळतें. आणि परतीच्या विमानांतून दिसणारी फेंसाची रेघ केवळ शोभेची नव्हे, हें ज्या दांपत्यानें जाणलें, तें मुलाबाळांना घरीं आल्यावर सांगण्यासारखें पुष्कळ कांहीं घेऊन येतें.