पाहुण्या पाणपक्ष्यांचा सण

दरवर्षी ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी आपल्या भागातील पुष्कळ लोक चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्याला जातात. काहीजण तर पायी जातात. पण तेथून जवळच, मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर, त्याच दिवसांत हजारो मैलांवरून आलेले दुसरे प्रवासी उतरलेले असतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ते प्रवासी म्हणजे पाणपक्षी.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम १७८ हेक्टरांचे आहे. सगळीकडे कांदळवन आणि चिखल. मग पक्षी येथे का येतात? उत्तर आशियात हिवाळ्यात तळी व दलदली गोठतात, खाद्य बर्फाखाली जाते. येथे मात्र ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. त्यातील किडे, गोगलगायी व बारीक खेकडे त्यांना मिळतात. तुतवाराची चोच लांब, तो चिखलात खुपसून खातो. चिखल्याची आखूड, तो वरवरचे टिपतो. एकाच चिखलात दोघांचेही पोट भरते.

या पाहुण्यांच्या स्वागताचे दिवसही ठरलेले आहेत. जागतिक स्थलांतरित पक्षी दिन २००६ साली सुरू झाला. २०१८ पासून तो मे आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, असा दोनदा पाळतात. शेजारच्या महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. शिवाय आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजदाद होते. या सणाला वाजंत्री लागत नाही. मोठ्यांनी व मुलांनी काठावर गुपचूप उभे राहावे, पक्षी मोजावेत आणि वहीत लिहावेत. संख्या वर्षानुवर्षे घटत गेली, तर पाण्याचे काहीतरी बिघडले असावे अशी शंका घ्यावी.

आणि हे पाणी आपलेच आहे. मांडवी म्हणजे खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई. इकडे संकेश्वरवरून वाहणारी हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते, आणि ते पाणी धुपदाळच्या बंधाऱ्यात साठते. तेथेच, गोकाक तालुक्यात, १९७४ पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिमालय ओलांडून येणारा कांड्या करकोचा थंडीत तेथे उतरतो. म्हणजे हा सण पाहायला समुद्रापर्यंत जायलाच हवे असे नाही.

करकोचे रब्बीच्या रानात उतरून दाणे टिपतात, हे खरे. त्यांना हाकारा घालून उठवावे, पण विषारी दाणे कधीही टाकू नयेत. उसाच्या हुमणीसाठी आपण पूर्वी जे फोरेट वापरत होतो, त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. त्याचे दाणे खडे समजून पक्षी गिळतात आणि मरतात. कोणाच्या गोठ्यात जुनी पिशवी पडून असेल, तर ती वापरू नये, ओढ्यातही फेकू नये. कृषी खात्याच्या माणसाला विचारून तिची विल्हेवाट लावावी. फवारणीचा पंप नदीत धुऊ नये. त्याच पाण्यावर आपली जनावरे येतात, त्याच पाण्यात आपली मुले पोहतात.

आणखी एक. तळ्याकाठी पाणपक्षी मेलेले आढळले, तर हात लावू नये, कोंबड्यांना तिकडे सोडू नये, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली महाराष्ट्रातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पसरला, तेव्हा किती कुटुंबांचा धंदा बसला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

येत्या थंडीत एखाद्या सकाळी आपण मुलांना घेऊन धुपदाळला जाऊ या. एक वही, एक पेन्सिल आणि शिदोरी एवढे पुरे. मात्र त्याआधी प्रत्येकाने आपल्या बांधावरचा ओढा एकदा पाहून यावा. पाहुण्यांच्या स्वागताची तयारी तेथूनच करायची आहे.