भेंडीच्या पेशीतली कात्री

बाजारात भेंडी घेताना रंग बघा. पिवळट, राठ शेंग म्हणजे बहुधा केवडा हा विषाणूजन्य रोग. पांढरी माशी रस शोषताना त्याचा विषाणू पानात सोडते आणि शिरा हळदीसारख्या पिवळ्या पडतात.

रोपात रक्तातल्यासारख्या फिरत्या पांढऱ्या पेशी नसतात. प्रत्येक पेशी स्वतःच लढते. विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की ‘डायसर’ जातीचं प्रथिन त्याचे 21 ते 24 अक्षरांचे तुकडे करतं. तेच तुकडे नमुना धरून उरलेला आरएनए हुडकून कापला जातो. तुकडे शेजारच्या पेशींतही जातात, म्हणजे इशारा आधीच पोहोचतो! मला हेच सगळ्यांत विलक्षण वाटतं. विषाणूही ही कात्री बोथट करणारी प्रथिनं बनवतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या रानटी भावंडाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ ही जात काढली. तिने केवडा बराच काळ रोखला; आता अनेक शेतांत तीही पिवळी पडते.