खालच्या पट्टीतला खलनायक

दुपारची जेवणं आटोपली की घरातलं कुणीतरी पलंगावर आडवं होऊन वाहिन्या चाळू लागतं, आणि कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर सदाशिव अमरापूरकर भेटतातच. कधी कपाळावर गंध रेखून, कधी लांब केस मोकळे सोडून, डोळे वटारून ते नायकाला धमकावत असतात. घरातली आजी म्हणते, "मेल्याला पाहवत नाही बाई!" नटाला मिळालेली ही पावतीच म्हणायची. पण आजीला जर सांगितलं, की याच माणसानं पडद्यावर लोकमान्य टिळक आणि महात्मा फुले दोघेही उभे केले आहेत, तर तिचा विश्वास बसणार नाही.

अमरापूरकर मूळचे तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. जन्म ११ मे १९५० चा, जन्मनाव गणेशकुमार. जवळच्या माणसांचे ते 'तात्या'. शिक्षण इतिहासाचं आणि ओढ नाटकाची. चापेकर बंधूंनी केलेल्या रँडवधावरचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट १९७९ साली आला, त्यात ते टिळक झाले. पुढे 'हँड्स अप' या नाटकात अविनाश मसूरेकरांबरोबर काम करत असताना दिग्दर्शक गोविंद निहलानी यांनी त्यांना हेरलं आणि १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टीची भूमिका दिली.

'अर्धसत्य' मुळात श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा. पटकथा विजय तेंडुलकरांची, नायक ओम पुरी. म्हणजे समोर तगडा नट, हाताशी तगडं लेखन, आणि अमरापूरकर हिंदीत अगदी नवखे. त्या काळी हिंदी खलनायक म्हटला, की अड्डा हवा, चाबूक हवा, निदान गडगडाटी हास्य तरी हवंच. रामा शेट्टीकडे यातलं काहीच नाही. हा गुंड आता नगरसेवक व्हायला निघालाय. त्याच्या बोलण्यात धमकीपेक्षा कंटाळा जास्त आहे. आपलं काम होणारच, मग उगाच घसा का कोरडा करायचा, असा त्याचा भाव. शेवटी कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला फौजदार अनंत वेलणकर त्याच्याच दारात येतो. शेट्टी बाजारात भाव करावा तितक्या सहजपणे त्याच्याशी सौदा बोलू लागतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. असा माणूस आपण आपल्या वॉर्डात पाहिलेला असतो! वेलणकर त्याचा गळा दाबतो तेव्हा चित्रपटगृहातल्या माणसालाही सुटल्यासारखं वाटतं, ते त्या थंड आवाजामुळेच.

सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक या भूमिकेला मिळालं. यश मिळालं तसा घोटाळाही इथूनच सुरू झाला. मुंबईच्या निर्मात्यांना खलनायक तेवढा दिसला, त्याची खालची पट्टी कुणाला ऐकूच आली नाही. १९८७ चा धर्मेंद्रचा 'हुकूमत' तुफान चालला आणि मग 'ऐलान-ए-जंग'सारख्या चित्रपटांत त्यांच्या वाट्याला आला तो निव्वळ आरडाओरडा. पोशाख वाढत गेले आणि माणूस कमी होत गेला. त्याबद्दल नटाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. चरित्र अभिनेत्याला निवडीची चैन फारशी नसते; जे काम येतं त्यावरच घर चालतं.

१९९१ मध्ये महेश भट्ट यांच्या 'सडक'मध्ये त्यांनी कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी महाराणी रंगवली. खलनायकासाठीचं फिल्मफेअर पारितोषिक त्यांच्यापासून सुरू झालं. तृतीयपंथीयांना असं भीतीचं बुजगावणं करणं आज खटकतं आणि ते खटकायलाच हवं. तरीही महाराणीचं हसणं आणि त्यातून एकाएकी उसळणारा संताप अमरापूरकरांनी ज्या ताकदीनं पेलला, ते पाहिलेला माणूस विसरत नाही. त्यांना विनोदही उत्तम जमायचा. 'कुली नं. १' मधला अपमानानं पेटलेला मध्यस्थ शादीराम घरजोडे आठवतोय ना? गोविंदाच्या गोंधळाला सुरुवात करून देतो तो हाच माणूस.

पण त्यांची खरी जात बघायची असेल तर दूरदर्शनकडे वळावं लागतं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'मध्ये ते महात्मा फुले झाले. ज्या आवाजानं रामा शेट्टी भयंकर झाला, त्याच आवाजाला इथे जिव्हाळा येतो. चीड आहे, पण ती ओरडून दाखवायची गरज पडत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' (१९९५) या चित्रपटातही ते होते. लग्नाच्याच दिवशी नवरा मुलगा गेल्यानं आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या आणि मुंबईत देहविक्रयाच्या वाटेला ढकलल्या गेलेल्या मुलीची ती गोष्ट. 'सडक'च्या महाराणीनंतर अवघ्या चार वर्षांनी त्याच बाजाराकडे मुलीच्या घरातून पाहणारा हा चित्रपट. अशी कामं त्यांना दहापट मिळायला हवी होती.

मिळालेल्या प्रसिद्धीचं ओझं त्यांनी गावापासून दूर नेलं नाही. नगरची 'स्नेहालय' संस्था, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम, सामाजिक कृतज्ञता निधी, अशा ठिकाणी त्यांचा वावर असे. २०१३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत होता, गावोगावी टँकरची वाट पाहिली जात होती. त्यांच्या मुंबईतल्या राहत्या भागात मात्र होळीच्या निमित्तानं पाण्याच्या फवाऱ्याखाली नाच चालला होता. पाणी वाया घालवू नका, असं सांगायला अमरापूरकर तिथे गेले, तर त्यांनाच मारहाण झाली. बासष्ट वर्षांचा माणूस.

पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, फुफ्फुसाच्या आजारानं मुंबईत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कारासाठी त्यांना नगर जिल्ह्यात, गावाकडे नेण्यात आलं.