पट्टी पट्टी जोडू, जहाज घडवू!

मुलांनो, आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये काय काय बनते? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! आकुर्डीच्या स्कूटरी एके काळी देशभर धावल्या. पिंपरीला टाटांच्या गाड्या बनतात. भोसरीच्या शेडमध्ये त्यांचे सुटे भाग घडतात आणि चाकणला तर मोटारींच्या कारखान्यांची रांगच लागली आहे. पण जहाज? ते कुठून बनणार? समुद्र राहिला घाटाखाली, आणि आपल्या पवनेत नि इंद्रायणीत गलबत काही चालायचे नाही.

पण जहाज इथेही बनू शकते, अगदी तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर! लाकडी जहाजाची प्रतिकृती बनवण्याचे संच मिळतात. त्यांना म्हणतात किट. स्पेन, इटली, डेन्मार्क या देशांतल्या कंपन्या ती पूर्वीपासून बनवत आल्या आहेत. खोके उघडले की आत असतात प्लायवूडचे कापलेले तुकडे, लाकडाच्या लांबच लांब बारीक पट्ट्या, गोल काठ्या, दोरा, इवल्याशा कप्प्या आणि घडी घातलेला मोठा नकाशा. जहाज मात्र आत कुठेच नसते. ते तुम्ही करायचे!

पहिले जहाज लहानच बरे

खोक्यावरचे चित्र बघून भल्याभल्यांना मोह होतो. तीन डोलकाठ्या, शंभर तोफा, शिडांचे डोंगर! असे किट घरी येते, दोन रविवार उत्साहात जातात आणि मग ते माळ्यावर जाऊन बसते. पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे ‘मला हे जमत नाही’ असे मनात पक्के बसते. म्हणून पहिले जहाज एका डोलकाठीचे, साधे निवडा. पहिल्या जहाजाने एकच गोष्ट करायची असते, ती म्हणजे पूर्ण व्हायचे.

आणि हो, पहिल्या दिवशी डिंकाची बाटली उघडायचीच नाही. त्या दिवशी फक्त नकाशा वाचायचा. प्रत्येक तुकडा नकाशावर ठेवून बघायचा आणि त्यावर पेन्सिलीने नंबर घालायचा.

नकाशाचे एवढे काय, असे वाटते ना? मग ही गोष्ट ऐका. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधत. 1812 मध्ये तिथे ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधायचे ठरले. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजातून निघाले. वाटेत अमेरिकन युद्धनौकेशी लढाई झाली, ‘जावा’ हरले आणि नकाशेही गेले! पुन्हा नवे नकाशे येईपर्यंत काम थांबले. शेवटी जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती अजून तरंगते आहे बरं का! इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी ती संग्रहालय म्हणून जपली आहे. नकाशा हाती नव्हता तर वाडियाही थांबले. आपल्या तर तो खोक्यातच आहे!

नकाशावर एक प्रमाण लिहिलेले असते, उदाहरणार्थ 1:50. म्हणजे खऱ्या जहाजावरचे 50 सेंटिमीटर आपल्या जहाजावर 1 सेंटिमीटर. ‘ट्रिंकोमाली’चा तोफांचा डेक सुमारे 150 फूट लांब आहे. 1:50 ने तो किती होईल? करा पटकन हिशेब! बरोबर, 3 फूट. तुमच्या टेबलावर मावेल का, तेही बघून ठेवा.

आधी कणा, मग फासळ्या

आपल्या शरीराला जसा कणा असतो तसा जहाजालाही असतो. किटमध्ये तो प्लायवूडचा एक लांब तुकडा असतो. त्याला खाचा असतात आणि त्या खाचांत आडव्या फासळ्या बसतात. हा झाला जहाजाचा सांगाडा.

इथे एक नियम पाळा. आधी डिंकाशिवाय जुळवून बघायचे. फासळी घट्ट बसत असेल तर ठोकायची नाही, खाच कानशीने जराशी घासायची. लेसरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा काळ्या, जळक्या असतात. त्या पॉलिश पेपरने साफ केल्या की डिंक चांगला धरतो. मग कंपासपेटीतला गुण्या काढा. प्रत्येक फासळी कण्याशी काटकोनात आहे ना? असेल तरच पांढरा डिंक लावा आणि रात्रभर सपाट जागेवर वाळू द्या. इथे कणा वाकडा राहिला तर पुढे जहाजाचे केळे होते आणि ते नंतर कशानेही सरळ होत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी ओतकामाच्या कारखान्यात असतील तर त्यांना पॅटर्नमेकरबद्दल जरूर विचारा. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब नमुना लागतो. पूर्वी हे नमुने बहुतेक लाकडाचेच असत. आता धातूचे, रेझिनचे आणि संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कोरलेलेही असतात. गंमत म्हणजे पॅटर्नमेकरची पट्टी आपल्या पट्टीपेक्षा थोडी मोठी असते. ओतलेले लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा! नकाशा बघून लाकडाला अचूक आकार देणारे हात आपल्या गावात असे जुनेच आहेत.

पट्टी वाकते, पण सवडीने

आता खरी परीक्षा! सरळ पट्टीने गोलसर जहाज मढवायचे. कोरडी पट्टी जोर लावून वाकवली की कडकन मोडते. म्हणून ती अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, हलक्या हाताने वाकवून सांगाड्यावर धरा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. वाळली की ती तोच आकार धरून ठेवते. मग डिंक लावून कायमची बसवा.

एक पट्टी उजवीकडे लावली की दुसरी डावीकडे. एकाच बाजूला पाच-सहा पट्ट्या लावल्या तर त्या सांगाड्याला आपल्याकडे ओढतात आणि जहाज पिळवटते.

जहाज मध्ये फुगीर आणि पुढे नाळेपाशी निमुळते असते. म्हणजे सगळ्या पट्ट्या तिथे मावणार कशा? कागदाची पट्टी घेऊन मापा. समजा, मधल्या फासळीवर 80 मिलिमीटर जागा आहे आणि पट्टी 5 मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे 16 पट्ट्या लागतील. नाळेपाशी जागा आहे 48 मिलिमीटर. 48 भागिले 16, उत्तर 3. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे 5 वरून 3 मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. शाळेतला भागाकार असा जहाजावर चढतो!

थोड्या फटी राहिल्या तर घाबरू नका. लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून त्या बुजवा आणि वाळल्यावर घासा. बऱ्याच किटमध्ये वरून पातळ पट्ट्यांचा दुसरा थर असतो. पहिल्या थरावर शिकायचे आणि दुसऱ्यावर दाखवायचे.

उलटी रीत

सांगाडा आधी आणि फळ्या नंतर, हीच एक रीत आहे असे मात्र नाही. आपल्या जुन्या रीतीत उलटे होते. आधी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या आणि फासळ्या मागाहून बसवायच्या! लोखंडी खिळे नाहीतच.

या रीतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज 2025 मध्ये भारतीय नौदलात आले. त्यासाठी जुना नकाशा कुठेच नव्हता. होते ते फक्त आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतले सुमारे पाचव्या शतकातले जहाजाचे चित्र. चित्रावरून आराखडा केला, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या पाण्यातल्या चाचण्या घेतल्या आणि केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली गोव्यात जहाज शिवले गेले. डिसेंबर 2025 मध्ये ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी 2026 मध्ये थेट ओमानमधल्या मस्कतला पोचले. बघा, खऱ्या जहाजालाही आधी लहान प्रतिकृती लागतेच!

डोलकाठी, दोर आणि आईबाबा

पुढचे काम नाजूक पण मजेचे. गोल काठी पॉलिश पेपरमध्ये धरून फिरवत राहिले की डोलकाठी वर निमुळती होते. मग दोर. डोलकाठीला ताणून धरणारे दोर आधी बांधा, शिडे हलवणारे नंतर. दोरा मेणावरून ओढून घेतला तर त्याची लव बसते आणि गाठ नीट येते.

कटर आणि झटपट चिकटणारा डिंक वापरताना मोठे माणूस शेजारी हवेच. कटर नेहमी आपल्या बोटांपासून दूर चालवा. आणि आईबाबा, तुम्हाला एक विनंती. शेजारी बसा, पण पट्टी हातातून काढून घेऊ नका. तुम्ही लावलेली पट्टी जास्त सरळ बसेल हे खरे, पण मग जहाज तुमचे होईल.

किट महाग पडते? मग आइस्क्रीमच्या काड्या, जाड पुठ्ठा आणि डिंक घ्या. पुठ्ठ्याचा कणा, पुठ्ठ्याच्या फासळ्या, वर काड्या. नियम तेच, एक काडी उजवीकडे आणि एक डावीकडे. रोज संध्याकाळी अभ्यास झाल्यावर अर्धा तास पुरे. दोन-तीन महिन्यांनी बघा, टेबलावर जहाज उभे असेल. एखादी फट दिसेल, एखादा दोर सैल असेल. असू दे. दुसऱ्या जहाजात काय सुधारायचे ते तीच फट सांगेल. चला तर मग, नकाशा उघडा!