87 लाख ठिपके, अक्षर एकही नाही
मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या मोहनखेडा तीर्थाच्या दारात गुढीपाडव्याच्या पहाटे उभे आहोत, अशी कल्पना करा. देशातली प्रत्येक अपंग व्यक्ती समोरून जाणार आहे. सेकंदाला एक, रात्रंदिवस. आधी मध्य प्रदेशातली माणसं, 15,51,931. त्यांनाच 18 दिवस लागतील. मग महाराष्ट्रातली, 29,63,392. आणखी 34 दिवस. सगळ्या देशाची, 2,68,10,557 जणांची रांग सरेपर्यंत माघी पौर्णिमा उजाडलेली असेल. हे आकडे 2011च्या जनगणनेचे. पुढे 2016च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, म्हणजे आजची रांग याहून लांबच असणार. जागतिक आरोग्य संघटना जगात 130 कोटी सांगते. ती रांग संपताना आज जन्मलेलं मूल 41 वर्षांचं झालेलं असेल.

आता सेकंदाहूनही लहान गोष्ट. पापणी लवायला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. मोबाइलवरून खातं उघडताना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेरा सांगतो, पापण्या मिटून उघडा. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, एवढंच त्याला पडताळायचं असतं. पण अ‍ॅसिड हल्ल्यानंतर जिच्या पापण्या मिटतच नाहीत, तिनं काय करायचं? अंध माणसाला तर आपला चेहरा चौकटीत आला की नाही, हेच कळत नाही. या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या ‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयानं म्हटलं आणि 20 निर्देश दिले. जिवंत आहोत हे पटवायला एका बाईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे मला विसरता येत नाही.

‘वेबएम’ ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पानं तपासते. 2025 मध्ये दर पानावर सरासरी 51 चुका निघाल्या, एकूण पाच कोटींवर. सेकंदाला एक मोजली तरी एक वर्ष सात महिने मोजत बसावं लागेल. त्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती? फिकट अक्षरं. शंभरातल्या 79 पानांवर ती सापडली. अक्षरांचा रंग गडद केला की संपलं, इतकं सोपं काम!

मराठीचं दुखणं मात्र आपलं आपणच ओढवून घेतलेलं आहे. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे दर अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, फक्त पाच आकडे: 2350, 2352, 2366, 2336, 2368. एवढे मिळाले की अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तो शब्द बोलून दाखवतो. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला तोच शब्द डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. कानावर येतो तो निव्वळ गोंधळ. आणि कागद स्कॅन करून नुसताच चढवला, तर तेवढंही नाही. ए-फोर आकाराचं एक पान 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, स्कॅन केलं, की त्यात 2480 गुणिले 3508, म्हणजे जवळजवळ 87 लाख ठिपके असतात. अक्षर एकही नसतं. भारती ब्रेलमध्ये 1951 पासून सगळी मराठी सहा टिंबांच्या 63 रचनांत मावते. इथे 87 लाख ठिपके असूनही स्क्रीन रीडर गप्प राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पान कोरंच आहे.