खेळातील शेती आणि घरातील भाकरी

मोबाईल हातात आला की पोर वाया गेले, अशी तक्रार आज प्रत्येक वस्तीत ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु नुसता मोबाईल हिसकावून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. पोर काय पाहते, काय खेळते हे शेजारी बसून पाहिले तरच त्यातले बरे-वाईट कळते. या उद्देशाने घरातील मुलांबरोबर बसून एक खेळ समजून घेतला. त्यात मुख्य आहे ती शेती. कारकुनी करणाऱ्या माणसाला हिशोबाची खोड असतेच. म्हणून या खेळाचा जमाखर्च वाचकांपुढे मांडत आहे.

खेळाचे नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून तो तयार केला. चित्रे, संगीत, कथा सारे त्याचेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो संगणकावर आला आणि २०१९ पर्यंत मोबाईलवरही मिळू लागला. कथा अशी की, एका मोठ्या कंपनीत टेबलावर मान मोडून काम करणारा नोकरदार आजोबांचे पत्र उघडतो. आजोबांनी त्याच्या नावे गावाकडची शेती ठेवलेली असते. नोकरी सोडून तो तिथे जातो. पुढे जादूगार, जंगलातील छोटे भूत-सवंगडी, खाणीतील राक्षस असा काल्पनिक पसारा आहे. पण पाया नांगर-पाण्याचाच.

आजोबांनी नातवाच्या नावे शेत ठेवले, हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात काही तरी हलल्याशिवाय राहणार नाही. आपल्या किती आजोबांच्या नावावर सातबारा होता? एक वीत जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांना सत्याग्रह करून तुरुंगात जावे लागले. आमच्या कोयनेच्या खोऱ्यात ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांपैकी अनेक गावांची ती १९६० च्या दशकात शिवसागर जलाशयाखाली गेली. त्यांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आंदोलने करीत आल्या. म्हणून आपल्या घरातील मूल जेव्हा पडद्यावर का होईना ‘माझे शेत’ म्हणते, तेव्हा हसण्यावारी न नेता त्या शेतात ते काय शिकते हे पाहावे.

जमीन किती खणावी?

नवखा खेळाडू पहिल्या दिवशी एकच गोष्ट करतो. समोर मोठे रान दिसते आणि तो कुदळ घेऊन सुटतो. दुपारपर्यंत त्याची ताकद संपते. खेळात सुरुवातीला २७० इतकी ताकद मिळते. कुदळीच्या प्रत्येक घावाला २ आणि एका रोपाला पाणी घालायला २ खर्च होतात. शंभर रोपे लावली तर रोज २०० ताकद पाण्यातच जाणार. लाकूड तोडायला, दगड फोडायला, मासे धरायला उरले काय? ताकद पार संपवली तर शिक्षा अशी की, दुसऱ्या दिवशी निम्म्याच ताकदीने उठावे लागते.

पहिल्या झारीत ४० रोपांपुरते पाणी मावते. हेच नवख्याचे माप समजावे. एका झारीत भिजेल एवढेच शेत पहिल्या आठवड्यात करावे. पाऊस पडला की पाणी घालावे लागत नाही. घरातील टीव्हीवर उद्याचे हवामान सांगतात, ते रोज पाहावे आणि पावसाचा दिवस खाण-जंगलासाठी राखावा. पिके पंधराहून अधिक झाली की कावळे येतात, तेव्हा बुजगावणे उभे करावे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेत फायद्याचे की तोट्याचे हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. त्यावर लागणारे श्रम, अवजारे आणि भांडवल यांचे प्रमाण जमिनीशी जुळते की नाही यावर ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. अर्थशास्त्राचा हा मुद्दा शाळेतल्या पोराला समजावणे अवघड आहे. पण एकदा दुपारीच ताकद संपून पोर शेताच्या बांधावर बसले की तेवढ्यात ते समजते.

बियाण्याचा हिशोब

खेळाडूला सुरुवातीला ५०० नाणी आणि पार्सनिप नावाच्या, गाजरासारख्या पांढऱ्या कंदाचे १५ बी मिळतात. एक ऋतू २८ दिवसांचा असतो. ऋतू पालटला की त्या ऋतूचे उभे पीक वाळून जाते. मका उन्हाळा आणि शरद अशा दोन्ही ऋतूंत टिकतो, पण अशी पिके थोडी. वसंतातील चार पिकांचा जमाखर्च असा आहे :

पार्सनिप – बी २० नाणी, ४ दिवस, विक्री ३५, नफा १५.
बटाटा – बी ५० नाणी, ६ दिवस, विक्री ८०, नफा ३०.
केल ही पालेभाजी – बी ७० नाणी, ६ दिवस, विक्री ११०, नफा ४०.
फ्लॉवर – बी ८० नाणी, १२ दिवस, विक्री १७५, नफा ९५.

वरवर पाहता फ्लॉवर उत्तम. परंतु हातात भांडवल थोडे असताना सगळे पैसे फ्लॉवरमध्ये घातले की बारा दिवस गल्ला रिकामा. पार्सनिपचा नफा दिसायला लहान, पण २० नाण्यांवर १५ मिळतात आणि तेही चार दिवसांत. तेच पैसे पुन्हा पेरता येतात. म्हणून पैसा कमी तेव्हा लवकर फिरणारे पीक घ्यावे. पैसा जमला, पण पाणी घालायला ताकद पुरेना, तेव्हा एका रोपामागे जास्त देणारे पीक घ्यावे. भाजीच्या हातगाडीवर रोजचा माल रोज विकून रोज भरणाऱ्या आपल्या भगिनींना हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याच गणिताला वाणिज्य शाखेच्या पुस्तकात भांडवलाची फिरत म्हणतात.

दुसरा नियम तारखेचा. १२ दिवसांचे फ्लॉवर १६ तारखेनंतर लावले तर हाती येणार नाही. बटाट्याची शेवटची तारीख २२, पार्सनिपची २४. बियाण्याचे दुकान बुधवारी बंद असते, तेव्हा मंगळवारीच बी आणावे.

तिसरा नियम राखून ठेवण्याचा. वसंताच्या १३ तारखेला गावात अंड्यांचा उत्सव भरतो आणि तिथेच स्ट्रॉबेरीचे बी मिळते. किंमत १०० नाणी. त्याच दिवशी लावले तर त्या ऋतूत दोन तोडे मिळतात, प्रत्येकी १२० चे. पण जो खेळाडू थोडे बी पुढच्या वर्षासाठी ठेवतो आणि वसंताच्या १ तारखेला लावतो, त्याला पाच तोडे मिळतात. म्हणजे २४० ऐवजी ६००. आपल्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पिकते, म्हणून पोरांना तिचे विशेष कौतुक. परंतु बी राखण्याची अक्कल त्याहून जुनी आहे. कणगीतले बियाण्याचे धान्य उपासमारीतही न मोडणारी आजी हेच करीत होती.

आधी पोट, मग बाजार

खेळात अन्न म्हणजे ताकद. नवख्याने कोणते खावे आणि कोणते विकावे? पार्सनिप खाल्ले तर २५ ताकद मिळते, विकले तर ३५ नाणी. वसंताच्या १५ ते १८ तारखांना झुडपांवर साल्मनबेरी नावाचे जंगली फळ लगडते. तेही २५ ताकद देते आणि विकले तर फक्त ५ नाणी. तेव्हा करवंदासारखे ते फळ पिशवीभर गोळा करावे, तेच खावे आणि पार्सनिप बाजारात न्यावे. झाडांच्या तीन प्रकारच्या बिया एकत्र करून केलेला खाऊ ४५ ताकद देतो. तो बिनपैशाचा आहे.

स्वयंपाकघर मात्र लगेच मिळत नाही. घर वाढवायला १०,००० नाणी आणि ४५० लाकडे लागतात. मिळाल्यावरही हिशोब पाहावा. कच्चे अंडे ५० नाण्यांना जाते आणि तळलेले अंडे ३५ ला! पण खाल्ले तर कच्च्याची ताकद २५ आणि तळलेल्याची ५०. म्हणजे असे रांधलेले पोटासाठी, बाजारासाठी नव्हे. उलट टिकाऊ माल केला की किंमत चढते. शेतीचे कौशल्य चौथ्या पायरीवर गेले की बरणी तयार करता येते. तीत ३५ नाण्यांच्या पार्सनिपचे लोणचे घातले तर दोन-तीन दिवसांत १२० होतात. बचत गटांत लोणची-पापड करणाऱ्या माता-भगिनींनी या ओळी मुलांकडून जरूर वाचून घ्याव्यात.

खेळ जे सांगत नाही

इथे मात्र सावध राहिले पाहिजे. या खेळात उपासमार नाही. दिवसभर काही न खाता झोपले तरी सकाळी ताकद भरून येते. आपल्या रोजंदारीच्या माणसाला तसे जमत नाही. खेळात फळ काय, अंडे काय, सारे एकाच पट्टीवर मोजले जाते. शरीराला मात्र प्रथिने वेगळी, लोह वेगळे, चुना वेगळा लागतो. ‘स्वस्त ते खा, महाग ते विका’ हा नियम पडद्यावर शहाणपणाचा आहे. घरात तोच लावला तर दूध डेअरीला, अंडी बाजाराला आणि लेकराच्या ताटात कोरा चहा-चपाती असे होते. त्यात शेवटी जेवणाऱ्या आईचे आणि मुलीचे ताट सर्वांत हलके असते. घरातील पहिले अंडे वाढत्या मुलामुलींना आणि गरोदर सुनेला, उरलेले बाजाराला, असाच क्रम असावा.

आमच्या डोंगरात भाताबरोबर नाचणी आणि वरी पिकते. एके काळी नाचणीची भाकरी गरिबाची म्हणून पाहुण्यापुढे वाढायला लाज वाटे. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तांदूळ त्याच्या जवळपासही येत नाही. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा तीच नाचणी शहरात महागड्या पाकिटांत दिसू लागली. पार्सनिप चार दिवसांत येते, नाचणीला राब, लावणी, बेणणी करीत चार महिने लागतात, हेही मुलांना सांगावे. ज्यांनी ते कष्ट केले त्या आजी-आजोबांनाच ते सांगू द्यावे.

पालकांसाठी चार गोष्टी

पहिली, हा खेळ एकदाच विकत घ्यावा लागतो. नंतर जाहिराती नाहीत, आतून पैसे मागणे नाही, इंटरनेटही लागत नाही. शेतीचे सगळे खेळ असे नसतात. २००९ ते २०२० या काळात फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ चालला. त्यात वेळेवर परत आला नाहीत तर पीक सुकत असे आणि काम लवकर उरकण्यासाठी खरे पैसे मोजता येत. अशा खेळाच्या हाती घरातील बँक खात्याला जोडलेला मोबाईल देऊ नये.

दुसरी, खेळातील एक दिवस आपल्या घड्याळात सुमारे १४ मिनिटांचा असतो. रोज दोन दिवसांची शेती म्हणजे अर्धा तास. ‘अर्धा तासच खेळ’ म्हणण्यापेक्षा ‘दोन दिवस झाले की ठेव’ म्हटले तर मूल ऐकते, कारण झोपायची वेळ खेळातच येते.

तिसरी, खेळ मराठीत किंवा हिंदीत नाही. मूल इंग्रजी वाचूनच खेळते. शेजारी शब्दकोश ठेवावा आणि प्रत्येक ऋतूचा जमाखर्च वहीत मांडायला सांगावे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

चौथी, खेळातील एक ऋतू २८ दिवसांचा आहे आणि मेथीची जुडीही साधारण तेवढ्याच दिवसांत तयार होते. फुटक्या घमेल्यात किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात खाली भोके पाडून, माती आणि शेणखत भरून, मूलभर मुठीने मेथी पेरता येते. गॅलरी असो की चाळीचा कठडा, ऊन येते तिथे जागा पुरते. रोज किती पाणी घातले, किती उगवली, किती पाखरांनी नेली आणि बाजारात ती जुडी कितीला मिळाली असती, हे त्याच वहीत लिहावे. त्या मेथीची भाजी मात्र विकायची नाही. ती त्याच दिवशी भाकरीबरोबर घरातच खावी.